इबेरियन भाषानकाशांतील कालभेद

स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांचा एकत्र अभ्यास करताना राज्यसीमा प्रमाण मानावी की भाषासीमा, हा मूलभूत प्रश्न होय. माद्रिद येथील ऐतिहासिक अभ्यासकेंद्राने १९३१ मध्ये आरंभिलेल्या बोलीसर्वेक्षणाने संपूर्ण इबेरियन द्वीपकल्प हेच आपले क्षेत्र मानले. १९३६ च्या यादवी युद्धाने ते कार्य खंडित झाले. सर्वेक्षणाचे प्रमुख तोमास नावारो तोमास यांनी नोंदवह्या अमेरिकेस नेल्या. त्या १९५१ मध्ये स्पेनला परतल्या. पोर्तुगालमधील राहिलेले काम त्यानंतर पुरे झाले व पहिला खंड १९६२ मध्ये निघाला. परिणामी सीमेलगतच्या दोन गावांच्या नोंदींत सुमारे दोन दशकांचे अंतर असू शकते. तेथे आढळणारा भेद सीमेचा की काळाचा, हे अभ्यासकाने प्रथम पारखले पाहिजे.