पत्त्यांच्या आखाड्यांतील अवैतनिक पंच

कोणत्याहि खेळाचा इतिहास उघडून पाहिला तर त्यांत विजेत्यांचीं नांवें ठळकपणें आढळतात. परंतु तो विजय न्याय्य होता असा निर्वाळा ज्यांनीं दिला, त्या पंचांचीं नांवें क्वचितच सांपडतात. क्रिकेटच्या पंचाकडे निदान प्रेक्षकांचें लक्ष असतें. त्याच्या एका बोटावर हजारों डोळे खिळलेले असतात. गेल्या तीस वर्षांत मात्र जगभर असा एक खेळ पसरला आहे कीं, ज्याचे पंच टेबलांच्या रांगांमधून मुकाट्यानें हिंडतात, हांक आली म्हणजे धांवून जातात, आणि तंटा मिटला कीं पुन्हा गर्दींत दिसेनासे होतात. त्यांतील बहुतेकांचा चरितार्थ ह्या कामावर चालत नाहीं. अशा माणसांचा मान कसा राखावा, हा प्रश्न त्या खेळाच्या धुरिणांना दीर्घकाळ पडलेला आहे. त्याचें उत्तर शोधतांना जें घडलें, तें पत्त्यांचा षोक नसलेल्यांनींहि ऐकून ठेवण्यासारखें आहे.

हा खेळ म्हणजे ‘मॅजिक: द गॅदरिंग’. रिचर्ड गारफील्ड ह्या अमेरिकन गणितज्ञानें तो रचला, आणि ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ ह्या कंपनीनें सन १९९३ मध्यें तो बाजारांत आणला. रमी किंवा ब्रिज खेळणाऱ्यांच्या हातीं बावन्न पत्त्यांचा एकच ठराविक जोड असतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेचे पत्ते एकशें वीस असतात. संख्या कांहींहि असो, तेथें जोड सर्वांना समान असतो. ‘मॅजिक’मध्यें प्रत्येक खेळाडू आपला जोड स्वतः रचून आणतो. पाकिटांतून पत्ते विकत घ्यावयाचे, आपसांत त्यांची अदलाबदल करावयाची, आणि निदान साठ पत्त्यांचा जोड सिद्ध करून प्रतिस्पर्ध्यापुढें बसावयाचें, अशी ही रीत आहे. ह्या खेळासाठीं आजवर पंचवीस हजारांहून अधिक निरनिराळे पत्ते निघालेले आहेत.

खरी गुंतागुंत याच्याहि पुढें आहे. बहुतेक पत्त्यांवर त्यांचा त्यांचा नियम छापलेला असतो. आणि पत्त्यावरील मजकूर व खेळाचा सामान्य नियम यांत विरोध आला, तर पत्त्याचा मजकूर श्रेष्ठ मानावा, असें ह्या खेळाचें मूलसूत्र आहे. म्हणजे येथें अपवादाचा मान कायद्याहून मोठा! दोन अपवाद समोरासमोर उभे ठाकले म्हणजे काय करावें, हें ठरवितां ठरवितां नियमांचा ग्रंथ दोनशें पानांच्या वर गेला. तो प्रत्येक खेळाडूनें मुखोद्गत करावा अशी अपेक्षा कोणीच करणार नाहीं. त्यामुळें तो जाणणारा, दोन्ही पक्षांपासून अलिप्त असणारा तिसरा मनुष्य अवश्य झाला.

सन १९९४ मध्यें मिलवॉकी येथें ह्या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली आणि झॅक डोलन हा तींत विजयी झाला. सन १९९६ मध्यें न्यूयॉर्क येथें रोख बक्षिसांची व्यावसायिक स्पर्धामालिका सुरू झाली. खेळांत पैसा आला कीं भांडणें येतात, आणि भांडणें आलीं कीं न्यायाची व्यवस्था लावावी लागते. एका शहरांत ज्या चुकीबद्दल केवळ समज मिळते, त्याच चुकीसाठीं दुसऱ्या शहरांत खेळाडूला हांकलून देण्यांत येऊं लागलें, तर स्पर्धेला अर्थ उरत नाहीं. म्हणून पंचांच्या परीक्षा सुरू झाल्या, त्यांच्या श्रेणी ठरल्या, आणि शिक्षांची लेखी संहिता तयार झाली. समज, एका डावाची हार, सबंध सामन्याची हार आणि स्पर्धेंतून हकालपट्टी अशी ह्या शिक्षांची उतरंड आहे. टेबलावरील पंचाचा निर्णय मान्य नसेल, तर खेळाडूला मुख्य पंचाकडे दाद मागतां येते; मुख्य पंचाचा शब्द मात्र अखेरचा असतो.

पंचाच्या दिवसाची कल्पना आल्यावांचून त्याच्या मानाचा प्रश्न नीट उमजणार नाहीं. पन्नास मिनिटांची एक फेरी, अशा कित्येक फेऱ्या सकाळपासून रात्रीपर्यंत चालतात. प्रत्येक फेरीच्या जोड्या जाहीर करावयाच्या, वेळ राखावयाची, मधूनच एखाद्या टेबलावरील जोड उचलून तो खेळाडूनें दिलेल्या यादीबरहुकूम आहे कीं नाहीं हें ताडून पाहावयाचें, पत्त्यांवर खुणा केल्या आहेत काय हें तपासावयाचें, आणि हें सर्व करीत असतां चोहोंकडून येणाऱ्या हांकांना उत्तर द्यावयाचें. सन २०१५ मध्यें लास व्हेगास येथें भरलेल्या एकाच स्पर्धेंत ७,५५१ खेळाडू उतरले होते. एवढ्या समुदायांत दिवसभर उभें राहून डोकें शांत ठेवणें हेंच मुळीं एक व्रत आहे.

ह्या पंचांच्या न्यायबुद्धीचा विकासहि लक्षांत घेण्याजोगा आहे. एखाद्या खेळाडूनें चुकून एक पत्ता जास्त उचलला, तर पूर्वीं त्याला तो डाव गमवावा लागे. अपराध लहान आणि शिक्षा मोठी, ही विसंगति अनुभवी पंचांना जाणवत होती. पुढें उपाय बदलला. आतां खेळाडू आपले हातचे पत्ते प्रतिस्पर्ध्याला दाखवितो. प्रतिस्पर्धी त्यांतील एक जादा पत्ता निवडून काढतो, आणि डाव पुढें चालतो. चूक करणाराला लाभ होत नाहीं आणि खेळहि मोडत नाहीं. मात्र जाणूनबुजून लबाडी केल्याचें ठरलें, तर हकालपट्टीवांचून गति नाहीं. चूक आणि कपट यांतील हा विवेक पंचांनीं टेबलाटेबलावर मिळविलेल्या अनुभवांतून आलेला आहे.

अशा श्रमाबद्दल पंचाच्या पदरीं काय पडे? मोठ्या स्पर्धांचे संयोजक कांहीं मोबदला देत. लहान दुकानांतील सामन्यांत पुष्कळदां पत्त्यांचीं पाकिटें किंवा नुसते आभार यांवरच भागे. सन १९९८ पासून कंपनीनें आणखी एक प्रथा घातली. खास पंचांना भेट देण्यासाठीं चमकत्या वर्खाचे पत्ते छापण्यांत येऊं लागले. ‘लाइटनिंग बोल्ट’ आणि ‘गेयाज क्रेडल’ हे पत्ते त्या पहिल्या वर्षांतलेच. दुकानांत न मिळणारा, केवळ सेवेनें मिळणारा पत्ता हातीं येणें ही त्या काळीं मोठीच गौरवाची गोष्ट वाटे. ज्याच्या जोडांत असा पत्ता दिसे, तो मनुष्य कोणत्या तरी स्पर्धेंत पंच म्हणून राबला आहे, हें न सांगतां कळे.

परंतु दुर्मिळ वस्तूला किंमत चढते, हा बाजाराचा नियम मानचिन्हांनाहि लागू आहे. संग्राहकांनीं ह्या पत्त्यांचा पिच्छा पुरविला. वर नांव आलेल्या ‘गेयाज क्रेडल’च्या त्या वर्खी प्रतीला पुढें हजार डॉलरांहूनहि अधिक भाव येऊं लागला. पंचांनींहि असे पत्ते विकून प्रवासाचा खर्च भागवावा, यांत गैर कांहीं नव्हतें. तथापि एक सूक्ष्म फरक पडला. जें मानाचें चिन्ह होतें, त्याचा हिशेब हळूहळू मजुरीसारखा होऊं लागला.

सन २०१५ च्या सुमारास आणखी एक योजना सुरू झाली, तिचें नांव ‘एग्झेम्प्लार’, म्हणजे आदर्श. तिच्यांतहि भेट वर्खी पत्त्यांचीच होती. पण ती कोणाला द्यावी हें पंचांनींच ठरवावयाचें होतें. वरिष्ठ श्रेणीच्या पंचानें आपल्या सहकाऱ्याचें नांव सुचवावें, आणि त्यानें नेमकें काय केलें हें लिहून सर्वांसमोर मांडावें, अशी ही पद्धति होती. गोंधळलेल्या नवख्या खेळाडूला धीर कसा दिला, कोणाला परीक्षेसाठीं कसें तयार केलें, स्वतःची चूक कशी मोकळेपणानें सुधारली, असल्या गोष्टी अशा लेखांत शोभून दिसत. वास्तविक ह्या योजनेचा आत्मा त्या चार ओळींत होता; पत्त्यांचें पाकीट हें केवळ निमित्त. बाजारांत विकतां येईल तें विकलें गेलें. पण प्रत्यक्ष पाहणाऱ्यानें लिहिलेली साक्ष कोणाला विकतां आली नाहीं.

ह्याच सुमारास कटु प्रसंगहि उद्भवला. सन २०१६ मध्यें कांहीं पंचांनीं कॅलिफोर्नियांतील संघीय न्यायालयांत कंपनीवर दावा आणला. कंपनी पंचांच्या श्रेणी ठरविते, त्यांच्यासाठीं नियम करते, त्यांच्या श्रमावर आपल्या मालाची प्रतिष्ठा उभारते. सबब ते तिचे नोकर असून किमान वेतनाला पात्र आहेत, असें वादींचें म्हणणें होतें. कंपनीची भूमिका अशी कीं, पंच हे खेळाचे प्रेमी असून आपल्या आवडीनें हें काम करतात. ते कंपनीचे नोकर नाहींत. ह्या दाव्यानें पंचांतहि दोन तट पडले. आपण हौसेनें केलेल्या कामाला कोणी नोकरी म्हणावें, हें कित्येकांना अपमानास्पद वाटलें. तर हौस दोन दिवसांची असते, बारा तास उभें राहणें हे श्रमच होत, असें इतरांनीं बजावलें. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यांत सत्याचा अंश होता, आणि म्हणूनच तो वाद मिटणें कठीण होतें.

सन २०१९ मध्यें कंपनीनें पंचांची स्वतःची व्यवस्था मोडली आणि ‘जज अकॅडमी’ नांवाच्या स्वतंत्र संस्थेकडे तें कार्य गेलें. तेथें पंचांनींच वार्षिक वर्गणी भरावयाची आणि त्यांना वर्खी पत्त्यांचीं पाकिटें मिळावयाचीं, असा प्रकार होता. सेवा करणारानेंच पैसे भरावे ही गोष्ट पुष्कळांना खटकली. सन २०२३ मध्यें त्या संस्थेनेंहि गाशा गुंडाळण्याचें जाहीर केलें. त्या वेळीं पंचांची परंपरा संपली असें एखाद्याला वाटलें असतें. पण तसें घडलें नाहीं. अमेरिका व कॅनडा येथील पंचांनीं ‘जज फाउंड्री’ ही आपली नफा न घेणारी संस्था उभारली, आणि इतर देशांतील पंचहि आपापल्या परीनें संघटित झाले. कंपनी दूर झाली, तरी परस्परांच्या परीक्षा घेण्याची आणि परस्परांना शिकविण्याची रीत टिकली. कारण ती प्रथमपासूनच पंचांच्या हातची होती.

ह्या वर्गानें खेळाला काय दिलें, याचें एक उदाहरण अवश्य सांगितलें पाहिजे. शेल्डन मेनेरी हे अमेरिकन वायुदलांत नोकरी केलेले गृहस्थ पंचांच्या सर्वोच्च श्रेणीला पोहोंचले होते. अलास्कांत जन्मलेला खेळाचा एक निराळा प्रकार त्यांनीं मोठ्या स्पर्धांच्या पंचांत रुजविला. दिवसाचें काम आटोपल्यावर थकलेले पंच चौघे चौघे मिळून, बक्षिसाची आशा न धरतां, शंभर पत्त्यांच्या जोडांनीं हा डाव मांडीत. सन २०११ मध्यें कंपनीनें त्यासाठीं तयार जोड काढले, आणि ‘कमांडर’ नांवाचा तो प्रकार आज सर्वांत लोकप्रिय झाला आहे. सप्टेंबर २०२३ मध्यें मेनेरी दिवंगत झाले. पुढच्याच वर्षीं त्या प्रकाराचे नियम सांभाळणाऱ्या स्वयंसेवक समितीनें चार पत्त्यांवर बंदी घातली. ते पत्ते मोलाचे होते. त्यांचे भाव कोसळले, आणि समितीच्या सभासदांना धमक्या आल्या. अखेर त्यांनीं कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. निरपेक्ष सेवेचें फळ जो समाज भोगतो, त्याच समाजाकडून असें वर्तन घडावें, ही खेदाची गोष्ट होय.

महाराष्ट्रांतील वाचनालयें, व्याख्यानमाला आणि क्रीडामंडळें ज्या अवैतनिक चिटणीसांच्या खांद्यावर उभीं राहिलीं, त्यांच्या घरच्या मंडळींना हा प्रश्न नवा वाटणार नाहीं. वर्षाच्या शेवटीं हार, श्रीफळ आणि ‘त्यांचे आभार मानावे तितके थोडे’ हें वाक्य, एवढ्यावर अनेक ठिकाणीं सारें भागविलें जातें. पत्त्यांच्या पंचांचा इतिहास ह्या बाबतींत दोन गोष्टी शिकवितो. श्रमाचें वेतन जेथें देणें उचित आहे, तेथें तें उघडपणें द्यावें. मानचिन्हाच्या आडून देऊं नये, कारण तसें केल्यानें वेतनहि अपुरें पडतें आणि मानहि हलका होतो. आणि मान द्यावयाचा असेल तर तो नेमका द्यावा. अमुक मनुष्यानें अमुक प्रसंगीं अमुक केलें, हें जाणकारानें पाहून चार लोकांत सांगावें. असा मान देण्यास खर्च येत नाहीं. मात्र त्यासाठीं दुसऱ्याच्या कामाकडे लक्ष असावें लागतें, आणि तें लक्ष देण्याचीच पुष्कळांना संवय नसते.