ब्लॉक कुणाच्या कपाटात?

१९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी वाचकाला एक सवय लागली. चित्रकारांना त्यातून मिळाला एक हंगाम. अंक म्हटला की मुखपृष्ठ आले, कथांची चित्रे आली, शीर्षकांचे लेटरिंग आले, पानाच्या तळाशी उरलेल्या जागेत एखादे हास्यचित्र आले. एवढ्यासाठी बारा महिने पगारी माणूस ठेवणे बहुतेक मासिकांना परवडणारे नव्हते. काम कामापुरते द्यायचे, पैसे कामापुरते. मुंबईतला फ्रीलान्स कमर्शियल आर्टिस्ट वाढला तो या व्यवहारात.

मी या धंद्यात उतरले ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. जे.जे.तून अप्लाइड आर्टचा डिप्लोमा घेतलेला, राहायला डोंबिवलीत दोन खोल्या, आणि टेबल म्हणून सासऱ्यांनी करून दिलेली एक फळी. वडील वेंगुर्ल्याला ड्रॉइंग मास्तर होते. त्यांच्या हाताखालून एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसलेली कितीतरी मुले पुढे मुंबईला आली. काही साइनबोर्ड रंगवू लागली, काही जाहिरात कंपन्यांत लागली. फ्रीलान्स करते म्हटल्यावर वडिलांनी एवढेच विचारले, “म्हणजे महिन्याच्या पहिल्या तारखेला काय करणार?”

प्रश्न जुनाच होता. एकोणिसाव्या शतकात चित्रकाराच्या पोटाची सोय संस्थानिक करत. पोर्ट्रेट काढायचे, बिदागी घ्यायची आणि पुढच्या दरबारात जायचे. १८५७ मध्ये जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून जे.जे. स्कूल सुरू झाले आणि शिकलेल्या चित्रकारांची संख्या वाढत गेली. दरबार मात्र तेवढेच राहिले. मग उरली नोकरी. एम. व्ही. धुरंधरांसारखा सिद्धहस्त माणूस जे.जे.मध्ये शिकवत राहिला आणि बाहेरची पुस्तकांची, पोस्टरची कामे त्या जोडीने करत राहिला. त्यांच्या आत्मवृत्ताचे नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे आहे.

दुसरी वाट राजा रविवर्मा यांनी धरली. चित्र एकाच श्रीमंताला विकण्याऐवजी छापून हजारोंना विकायचे. १८९४ मध्ये गिरगावात त्यांचा छापखाना उभा राहिला. लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या, पण छापखाना कर्जात गेला. तो मळवलीला हलवला आणि शेवटी त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लाइशर यांना, विकावा लागला. छापखान्याची चित्रे मात्र मालक बदलल्यावरही खपत राहिली. ज्याच्या हातात छपाई, त्याच्या हातात कमाई, हे त्या विक्रीने पहिल्यांदा नीट दाखवून दिले.

१९३५ मध्ये जे.जे.त कमर्शियल आर्टचा स्वतंत्र विभाग निघाला आणि जाहिरात, मुखपृष्ठ, लेटरिंग यांना अभ्यासक्रमात जागा मिळाली. त्याच सुमारास बाबूराव पटेलांचे ‘फिल्मइंडिया’ सुरू झाले. एस. एम. पंडितांनी त्याची मुखपृष्ठे रंगवली आणि सिनेमाच्या पोस्टरला एक रुबाब दिला. अभ्यासक्रम निघाला तरी धंद्याची उमेदवारी स्टुडिओतच व्हायची. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या चित्रातली पार्श्वभूमी भरायची, मग कपडे, मग हात आणि सगळ्यांत शेवटी चेहरा. या उमेदवारीत बायका जवळजवळ नव्हत्याच. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या स्टुडिओत मुलीला कोण पाठवणार? माझ्या पिढीतल्या मुलींना म्हणूनच पहिले काम स्टुडिओतून मिळाले नाही. ते मिळाले ओळखीतून.

ओळखीला नाके मुरडणाऱ्यांनी आर. के. लक्ष्मण आठवावेत. जे.जे.ने त्यांना प्रवेश नाकारला होता. त्यांची सुरुवातीची कामे कोणती? थोरले बंधू आर. के. नारायण यांच्या ‘हिंदू’त छापून येणाऱ्या कथांची चित्रे. मला पहिले काम दिले ते नणंदेच्या शाळेतल्या एका बाईंनी. त्यांच्या यजमानांचे बालमासिक होते. ससा, कासव आणि विहीर. ओळखीने दार उघडते, पण दुसरे काम आले ते दिलेल्या दिवशी पहिले काम टेबलावर ठेवले म्हणून.

आता ब्लॉकविषयी सांगायला हवे, कारण ऑफसेट छपाई सगळीकडे पोहोचण्याआधी या धंद्याचा सगळा हिशेब त्याच्यापाशी येऊन थांबायचा. काळ्या शाईतल्या चित्राचा लाइन ब्लॉक होई. चित्राचा फोटो काढायचा, तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, अ‍ॅसिडला पांढरा भाग खायला लावायचा आणि पत्रा लाकडावर ठोकून टाइपाच्या उंचीला आणायचा. करड्या छटा हव्या असतील तर जाळीतून ठिपके पाडून हाफटोन. ब्लॉकमेकर चौरस इंचावर पैसे घेई आणि त्याचे बिल थकवायची संपादकाची छाती नसे, कारण पुढचा ब्लॉक अडून राहिला असता. चित्रकाराचे बिल मात्र जाहिरातींचे पैसे जमा होईपर्यंत थांबे. श्रावण-भाद्रपदात मान वर करायला फुरसत नसायची आणि पैसे हातात पडायचे तुळशीच्या लग्नानंतर.

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच. एकदा केलेला ब्लॉक संपादकाच्या कपाटात जाई आणि पुढे कुठल्याही कथेला चालेलसा वाटला की पुन्हा बाहेर निघे. माझी खिडकीत उभी असलेली बाई एका मासिकात आधी विधवा म्हणून आली, मग नवऱ्याची वाट पाहणारी म्हणून, आणि एकदा चक्क लोणच्याच्या जाहिरातीत. पैसे एकदाच मिळाले. मूळ चित्र परत मागितले तेव्हा ऑफिसातले गृहस्थ म्हणाले, “वहिनी, छापून झाल्यावर त्याचं काय करायचंय तुम्हाला?” त्यांचा हेतू वाईट नव्हता. चित्र म्हणजे छपाईपुरता लागणारा कच्चा माल, हीच तिथली समजूत होती.

या पार्श्वभूमीवर आधीच्या पिढीतले दोन गोमंतकीय मला नुसते मोठे चित्रकार वाटत नाहीत. दीनानाथ दलालांनी दुसऱ्यांची असंख्य मुखपृष्ठे केली, पण १९४५ मध्ये स्वतःचे ‘दीपावली’ काढले. रघुवीर मुळगावकर स्प्रेच्या मुलायम कामासाठी आणि कॅलेंडरांतल्या देवदेवतांसाठी घरोघरी माहीत झाले. त्यांनीही ‘रत्नप्रभा’ हे आपले वार्षिक काढले. या दोघांच्या रेषेवर आणि रंगांवर पुष्कळ लिहून आले आहे. त्यांच्या या व्यवहारी पावलाबद्दल मात्र कमीच बोलले जाते. ब्लॉक त्यांच्याच कपाटात राहिले. काय छापायचे, किती मोठे आणि किती रंगांत, हे ते स्वतः ठरवू शकले.

अंक काढणे प्रत्येकाच्या आवाक्यातले नव्हते. वसंत सरवट्यांनी वेगळा तोल साधला. ते एसीसी कंपनीत इंजिनीअर होते आणि ‘ललित’पासून दिवाळी अंकांपर्यंतची त्यांची हास्यचित्रे नोकरी सांभाळून झाली. पगार चालू असल्यामुळे नको ते काम नाकारता येते, ही सोय फ्रीलान्सरने हलकी समजू नये. शि. द. फडणीस पूर्णवेळ याच कामात राहिले. ‘हंस’, ‘मोहिनी’ची मुखपृष्ठे एकदा छापून संपली असे त्यांनी होऊ दिले नाही. ‘हसरी गॅलरी’ म्हणून त्यांची प्रदर्शने केली, पुस्तके केली. चित्रांत शब्दच नसल्यामुळे ती कुठल्याही भाषेच्या माणसापुढे ठेवता आली. एका चित्रातून एकापेक्षा जास्त वेळा उत्पन्न काढायचे, तेही संपादकाच्या नाही तर स्वतःच्या हिशेबाने, हे त्यांनी जमवले.

कायदा या गोष्टीत आपल्या बाजूने आपोआप उभा राहत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक साधारणपणे नोकरी देणारा असतो. कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केले, तर पहिला हक्क सांगणाऱ्याचा. दोन्हीकडे एक अट आहे: उलट करार नसेल तर. म्हणजे करार केला तर चित्र बदलते. शिवाय हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. मला हे जे.जे.त कुणी शिकवले नाही. दादरच्या एका वकिलीणबाईंच्या लग्नपत्रिकेचे लेटरिंग करून दिले, तेव्हा त्यांनी फीच्या ऐवजी तासभर बसवून समजावले. ती माझी सर्वांत किफायतशीर पत्रिका.

त्यानंतर मी बिलाच्या तळाशी दोन ओळी छापून घेतल्या: वापर एकाच अंकापुरता, मूळ चित्र परत. काही संपादक हसले, एकदोघांनी काम देणे थांबवले. बाकीच्यांनी निमूट सही केली, कारण तोपर्यंत त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

आता ब्लॉक नाही, कपाट नाही. फाइल मेलने जाते आणि कुठेही, कितीदाही वापरता येते, म्हणजे जुनी अडचण उलट वाढलीच आहे. फ्रीलान्स सुरू करू पाहणारी मुले-मुली माझ्याकडे येतात आणि पोर्टफोलिओ कसा आहे ते विचारतात. तो बहुतेक वेळा चांगलाच असतो. मी त्यांना बिलाचा नमुना दाखवायला सांगते आणि तो कुणाकडेच नसतो. दलाल-मुळगावकरांइतका हात आपल्याला लाभेल न लाभेल, त्यांचा व्यवहार तर उचलता येईल. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. तो नसेल तर नोकरी सोडू नका. पहिले काम ओळखीने मिळाले तर लाजू नका. आणि पेन्सिल उचलण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: काम कोणते, कुठे वापरणार, किती काळ, पैसे कधी. समोरच्याची सही घ्या, मगच चित्राला हात लावा.