ओतीव की घडीव? आकुर्डी ते चाकण, पिस्टनची एक गोष्ट

चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यात डिसेंबर २००९ मध्ये पोलोचे उत्पादन सुरू झाले. २०१३ साली आलेल्या पोलो जीटी टीएसआयला १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन होते. अशा इंजिनातून अधिक शक्ती काढू पाहणारा मालक ते खोलतो, तेव्हा पहिला प्रश्न पिस्टनचा येतो : ओतीव घ्यावा की घडीव?

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. १९१३ साली डब्ल्यू. ओ. बेंटले फ्रान्समधील डीएफपी मोटार कारखान्यात गेला असता, त्याला तिथे पिस्टनच्या आकाराचे ॲल्युमिनियमचे पेपरवेट दिसले. त्या काळी पिस्टन सहसा ओतीव लोखंडाचे असत. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि सिलिंडरातील जळता वायू दोन हजारांच्याही वर तापतो. मग हे वेड नव्हे काय? नव्हते. हलका धातू उष्णता झपाट्याने बाहेर पोहोचवतो. बेंटलेने ८८ टक्के ॲल्युमिनियम आणि १२ टक्के तांबे असा मिश्रधातू निवडला. पुढे पहिल्या महायुद्धात त्याचे इंजिन सॉपविथ कॅमल विमानांत बसले.

ॲल्युमिनियमचा दोष मात्र सुटला नाही : तापले की ते लोखंडाहून अधिक फुगते. त्यावर सिलिकॉनचा उतारा सापडला. सुमारे १२ टक्के सिलिकॉन असलेला धातू कमी फुगतो, म्हणून पिस्टन आणि सिलिंडर यांतील फट लहान ठेवता येते. घडीव पिस्टनांतील ४०३२ हा धातू याच जातीचा. २६१८ मध्ये मात्र सिलिकॉन नावापुरते असते. तो मार अधिक सोसतो, पण फट मोठी मागतो. सकाळी थंड इंजिनात त्याची खडखड ऐकू येते. टर्बोचा दाब बेसुमार वाढवून शर्यतीत उतरायचे असेल तर तो योग्य. रोज पुणे–नाशिक महामार्गावर चालणाऱ्या गाडीला ४०३२ पुरे, आणि दाब कारखान्याचाच ठेवायचा असेल तर ओतीवही वाईट नाही. घडीव म्हणजे नेहमीच श्रेष्ठ, हा समज केवळ हौसेचा आहे.

आकुर्डीत बनलेल्या बजाज स्कूटरींच्या काळात निवड धातूची नव्हे, मापाची असे. सिलिंडर झिजला की तो बोअर करून पाव, अर्धा, पाऊण, शेवटी एक मिलिमीटर मोठा पिस्टन घालत. एकाच सिलिंडराला असे अनेक जन्म मिळत. चाकणमध्ये २०१३ पासून बनलेल्या केटीएम ३९० ड्यूकमध्ये ८९ मिलिमीटरचा घडीव पिस्टन आणि निकेल–सिलिकॉन कार्बाइडचा थर दिलेला सिलिंडर आला. तो थर झिजला की साधे बोअरिंग चालत नाही. सिलिंडर बदलावा लागतो किंवा थर पुन्हा चढवावा लागतो.

लोखंडी सिलिंडराच्या बाबतीत मात्र स्कूटरच्या काळातला क्रम महागड्या घडीव पिस्टनलाही लागू पडतो. आधी पिस्टन हातात घ्यायचा, पिस्टन-पिनला काटकोनात, निर्मात्याने सांगितलेल्या उंचीवर मायक्रोमीटरने मोजायचा, त्यात त्याने दिलेली फट मिळवायची आणि मगच सिलिंडर बोअरिंगला द्यायचा.