बोवी, ब्ले आणि जॅझचं कुंपण

पियानोवादक पॉल ब्ले ३ जानेवारी २०१६ रोजी वारला आणि पुढच्याच आठवड्यात, १० जानेवारीला, डेव्हिड बोवी गेला. ब्लेच्या जाण्याची दखल बहुतेक जॅझच्या वर्तुळापुरती राहिली. बोवीसाठी लंडनच्या ब्रिक्स्टन भागात लोक रस्त्यावर जमून गात होते. ज्या ब्लेने १९५८ मध्ये लॉस एंजेलिसच्या हिलक्रेस्ट क्लबात सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन आणि ट्रम्पेटवादक डॉन चेरी यांना आपल्या बँडमध्ये घेतलं, तो असा निघून जावा आणि एका रॉक गायकाचा ‘ब्लॅकस्टार’ हा शेवटचा अल्बम मात्र जॅझच्या नावे गाजावा, याचा काही जॅझप्रेमींना सल होता. काहींना मात्र घरातलंच माणूस गेल्यासारखं वाटलं. माझ्या मते हे दुसरे रसिक बरोबर होते. पहिल्यांची तक्रारही खरी आहे, पण तिचा रोख बोवीवर असू नये.

बोवीचं जॅझशी नातं म्हणजे आयुष्याच्या अखेरीला चढवलेला साज, असं म्हणता येत नाही. सावत्र भाऊ टेरीमुळे त्याला लहानपणीच जॅझची गोडी लागली आणि शाळकरी वयात त्याने बॅरिटोन सॅक्सोफोनवादक रॉनी रॉसकडे धडे घेतले. १९७२ मध्ये लू रीडच्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या अल्बमची निर्मिती करताना बोवीने याच रॉसला वाजवायला बोलावलं. ‘अलॅडिन सेन’च्या (१९७३) शीर्षकगीतात माइक गार्सनचा पियानो गाण्याची चौकट सोडून भरकटतो आणि बोवी त्याला भरकटू देतो. पुढे गिटारवादक पॅट मेथिनी झाला, १९९३ मध्ये ट्रम्पेटवाला लेस्टर बोवी झाला. २०१४ मध्ये मारिया श्नायडरच्या जॅझ वाद्यवृंदाबरोबर ‘सू’ हे गाणं करताना तिने सॅक्सोफोनवादक डॉनी मॅकॅस्लिनचं नाव सुचवलं, आणि बोवी त्याला ऐकायला न्यूयॉर्कच्या ‘५५ बार’ या छोट्याशा ठिकाणी गेला. त्यानंतर त्याने जे केलं ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. नावाजलेले वादक एकेक करून गोळा करण्याऐवजी त्याने मॅकॅस्लिन, जेसन लिंडनर, टिम लफेव्र आणि मार्क गिलियाना हा एकत्र वाजवून मुरलेला संचच्या संच स्टुडिओत नेला. एकमेकांचा श्वास ओळखणाऱ्या वादकांना तसंच वाजवू देणं, ही जॅझची खरी समज आहे.

यावर आक्षेप असा की ‘ब्लॅकस्टार’ मुळात जॅझ नाहीच. ते मान्य. २०१७ मध्ये त्याला पाच ग्रॅमी मिळाली, त्यांत जॅझ विभागातलं एकही नव्हतं, आणि ते योग्यच झालं. पण प्रभाव मोजायला वर्गवारी पुरत नाही. १९७९ मध्ये गायिका जोनी मिचेलच्या ‘मिंगस’ या अल्बमवरही जॅझ आणि पॉप अशा दोन्ही बाजूंनी नाकं मुरडली गेली होती, तरीही जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकने पुढे तिच्या गाण्यांवर केलेला अल्बम २००८ मध्ये वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी घेऊन गेला. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: गायकाच्या प्रसिद्धीखाली वादक झाकले जातात. इथे मात्र उलटं घडलं. मॅकॅस्लिनला पूर्वी न लाभलेले श्रोते मिळाले आणि बोवी गेला त्याच वर्षी त्याने बोवीच्या स्मृतीला वाहिलेला ‘बियाँड नाऊ’ हा अल्बम काढला.

ब्लेची उपेक्षा झाली ती बोवीमुळे नव्हे. ती होते वृत्तपत्रांच्या सवयीमुळे आणि आपल्या, म्हणजे जॅझ ऐकणाऱ्यांच्याही, आळसामुळे. कुंपण राखण्यात जेवढी शक्ती जाते, तेवढी नव्या कानांना ब्लेपर्यंत आणण्यात गेली असती तर त्याची आठवण जास्त टिकली असती. ‘ब्लॅकस्टार’ ऐकून सॅक्सोफोनच्या ओढीने जॅझकडे वळलेला कुणी भेटला, तर हे जॅझ नव्हे असं त्याला सुनावू नका. ब्लेचा ‘ओपन, टू लव्ह’ हा अल्बम त्याच्या हाती द्या.