पगार, वाटा आणि दोन गोराई

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करू का? आत्ताच्या पगाराएवढे सहज सुटतील." मला लगेच उत्तर देता येईना. रविवारी गोराईच्या जेट्टीवर होडीची वाट बघताना मात्र थोडं सुचलं.

गोराई तशा दोन. खाडीच्या अलीकडची, बोरिवलीची, म्हणजे १९८५ नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने प्लॉट पाडून वसवलेली. तिथे घर झालं ते महिन्याच्या हप्त्यावर. पलीकडची म्हणजे मूळ गाव. कोळ्यांचं आणि ईस्ट इंडियन ख्रिश्चनांचं. मासेमारी, भातशेती, सगळं स्वतःचं.

आता हे 'ईस्ट इंडियन' नाव बघा. घरात मराठी बोलणारी, इथल्याच मातीतली ही माणसं. पूर्वी त्यांना पोर्तुगीज ख्रिश्चन म्हणत. गोव्याहून नोकरीसाठी मुंबईत येणारे ख्रिश्चनही त्याच नावाने ओळखले जात. तेव्हा आपण वेगळे, आपण ईस्ट इंडिया कंपनीचे जुने चाकर, हे सरकारला कळावं म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, समाजाने हे नाव घेतलं. म्हणजे नोकरीतला आपला हक्क राखण्यासाठी अख्ख्या समाजाने नाव बदललं!

शेती आणि समुद्र जवळ असताना नोकरीचं एवढं मोल का? मला वाटतं, पगाराच्या आकड्यापेक्षा तो जून-जुलैतही येतो म्हणून. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, पण चूल काही बंद ठेवता येत नाही.

शिवाय होडीची कमाई मोजायची तरी कशी? आलेल्या पैशातून डिझेल, बर्फ आणि जाळ्यांची डागडुजी वजा करायची. मग होडीवरच्यांचे वाटे. उरलं ते नाखवाचं, असं आपण म्हणतो. पण मासळी निवडून बाजारात विकणारी त्याची बायको? तिची मजुरी कुणीच धरत नाही. सरकारी पाहणीतसुद्धा घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्यांना 'स्वयंरोजगारी'च म्हणतात.

पगाराचं नेमकं उलटं. तिथे हातात पडतो त्यापेक्षा जास्त असतो. १९५२ च्या कायद्याने आलेल्या भविष्यनिर्वाह निधीत मालकही भर घालतो. भरपगारी रजा असते ती वेगळीच.

अर्थात पगारही अमरपट्टा नव्हे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाने ते पाहिलं. होडी निदान आपल्या नावावर असते, मुलाला देता येते. गिरणीतली जागा गिरणीबरोबर गेली.

म्हणून भाच्याला कळवलं: महिना धरू नकोस, वर्ष धर. त्यातले दोन महिने कोरडे धर. बायको दुकानात बसणार असेल तर तिचा पगार आधी लिही. पीएफ आणि रजा वजा कर. एवढं करून जे उरेल ते तुझ्या पगाराशेजारी ठेव.

तो अजून हिशेब करतोय. असो. होडी आली होती.