कोरी रेकॉर्डेबल डिस्क

कोरी रेकॉर्डेबल डिस्क ही संगणकातील किंवा स्वतंत्र रेकॉर्डरमधील लेसर किरणाच्या साहाय्याने माहिती लिहिता येणारी प्रकाशीय तबकडी आहे. सीडी-आर, डीव्हीडी-आर, डीव्हीडी+आर आणि बीडी-आर हे तिचे एकदाच लिहिता येणारे प्रमुख प्रकार आहेत. सीडी-आरडब्ल्यू, डीव्हीडी-आरडब्ल्यू आणि बीडी-आरई या प्रकारांवरील मजकूर पुसून पुन्हा लिहिता येतो. बाजारात या तबकड्या अनेक नाममुद्रांखाली विकल्या जात असल्या, तरी त्यांचे प्रत्यक्ष उत्पादन जगातील मोजक्या कारखान्यांत झाले. त्यामुळे वेष्टनावरील नाव व तबकडीचा खरा उत्पादक एकच असेल असे नाही. तबकडीचा दर्जा तिचा लेखनथर, परावर्तक थर, चिकटवणीची गुणवत्ता, लेखनाची पद्धत आणि साठवणीचे हवामान यांवर ठरतो.

रचना

सीडी-आरचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर असते. निकेलच्या साच्यावर पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक ओतून चकती तयार केली जाते. तिच्यावर साच्यातील सर्पिल खोबण उमटते. या खोबणीवर सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर, त्यावर चांदीचा किंवा सोन्याचा परावर्तक थर आणि शेवटी संरक्षक लाखेचा थर दिला जातो. लेखनाच्या वेळी तीव्र लेसर किरणाने रंगद्रव्य तापते व त्या जागेचे परावर्तन कमी होते. वाचनयंत्र या कमी-अधिक परावर्तनावरून माहिती ओळखते.

सीडी-आरमध्ये परावर्तक थर वरच्या, म्हणजे छापील बाजूच्या अगदी जवळ असतो. त्यामुळे खालच्या पारदर्शक बाजूवरील किरकोळ ओरखड्यापेक्षा छापील बाजूवरील ओरखडा अधिक घातक ठरतो. डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून तयार होते आणि तिचा लेखनथर मध्यभागी राहतो. तिला वरून इजा होण्याची शक्यता कमी असते, परंतु चिकटवणी सदोष असल्यास कडेकडून हवा व ओलावा आत शिरतो.

सीडीसाठी ७८०, डीव्हीडीसाठी ६५० आणि ब्ल्यू-रेसाठी ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर वापरला जातो. सीडी-आरची क्षमता ६५० किंवा ७०० मेगाबाइट, एकथरी डीव्हीडीची ४.७ गिगाबाइट आणि एकथरी ब्ल्यू-रेची २५ गिगाबाइट असते.

लेखनथराचे प्रकार

सीडी-आरसाठी प्रामुख्याने तीन रंगद्रव्ये वापरली गेली.

सायनिन: तैयो युडेन या जपानी कंपनीने आरंभीच्या तबकड्यांत वापरलेले रंगद्रव्य. वेगवेगळ्या यंत्रांवर ते चांगले लिहिले जाते, परंतु प्रकाशाने तुलनेने लवकर बिघडते. पुढे त्यात स्थैर्य देणारी द्रव्ये मिसळण्यात आली.

थॅलोसायनिन: मित्सुई कंपनीशी संबंधित, जवळजवळ रंगहीन दिसणारे रंगद्रव्य. प्रकाश व उष्णता यांना ते अधिक टिकते. मात्र लेखनाच्या वेळी लेसरच्या तीव्रतेचे प्रमाण अचूक असावे लागते.

अ‍ॅझो: मित्सुबिशी केमिकल कंपनीने विकसित केलेले, गडद निळे दिसणारे रंगद्रव्य. व्हर्बेटिम या नाममुद्रेच्या तबकड्यांत ते प्रामुख्याने आढळते.

पुनर्लेखनक्षम तबकड्यांत रंगद्रव्याऐवजी धातूंचे मिश्रण असते. ते स्फटिकरूप व अस्फटिक अशा दोन अवस्थांत बदलते. बहुतेक बीडी-आर तबकड्यांत असेंद्रिय थर असतो, परंतु स्वस्त उत्पादनासाठी सेंद्रिय रंगद्रव्याच्या बीडी-आर तबकड्याही काढण्यात आल्या.

उत्पादक

सीडी-आरचे मानक फिलिप्स व सोनी यांच्या ‘ऑरेंज बुक’ या दस्तऐवजात १९९० साली निश्चित झाले. त्यापूर्वी, १९८८ मध्ये, तैयो युडेनने सीडी-आर विकसित केली होती. सुरुवातीचे उत्पादन जपानकेंद्री होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सीएमसी मॅग्नेटिक्स व राइटेक या तैवानी कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि किमती झपाट्याने उतरल्या.

भारतात या उद्योगाचे प्रमुख नाव मोझर बेअर इंडिया हे होते. दीपक पुरी यांनी १९८३ साली नवी दिल्ली येथे स्थापन केलेली ही कंपनी आरंभी कामाच्या वेळेची नोंद करणारी यंत्रे तयार करीत असे. १९८८ पासून ती फ्लॉपी डिस्कच्या उत्पादनाकडे वळली आणि पुढे नोएडा व ग्रेटर नोएडा येथील कारखान्यांत सीडी-आर व डीव्हीडी तयार करू लागली. काही वर्षांतच तिची गणना जगातील मोठ्या उत्पादकांमध्ये झाली. तिच्या तबकड्या स्वतःच्या नावाबरोबर इतर नाममुद्रांखालीही विकल्या गेल्या. काही व्हर्बेटिम तबकड्यांवर ‘भारतात निर्मित’ असा उल्लेख आढळतो, तो याच व्यवस्थेमुळे. युरोपीय संघाने २००३ साली भारतीय सीडी-आरवर प्रतिशुल्क लावले होते.

पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड व इंटरनेट यांच्या प्रसारानंतर मागणी घटली. तैयो युडेनने २०१५ च्या अखेरीस हा व्यवसाय बंद केला व तिचे तंत्रज्ञान सीएमसी मॅग्नेटिक्सकडे गेले. व्हर्बेटिमचा व्यवसायही मित्सुबिशी केमिकलने २०१९ साली सीएमसीला विकण्याचे जाहीर केले. मोझर बेअरविरुद्ध २०१७ मध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. पॅनासॉनिकने २०२३ मध्ये व सोनीने २०२५ मध्ये लेखनयोग्य ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले.

उत्पादक ओळखण्याची पद्धत

प्रत्येक कोऱ्या तबकडीच्या खोबणीत उत्पादनाच्या वेळीच एक संकेत कोरलेला असतो. सीडी-आरमध्ये तो मिनिट-सेकंदांच्या रूपात असतो: ९७ मिनिटे २४ सेकंद हा तैयो युडेनचा, ९७ मिनिटे २६ सेकंद हा सीएमसीचा आणि ९७ मिनिटे १७ सेकंद हा मोझर बेअरचा संकेत होय. डीव्हीडीमध्ये अक्षरांचा संकेत असतो. उदाहरणार्थ, ‘एमसीसी’ ही अक्षरे मित्सुबिशी केमिकलचे व ‘एमबीआय’ ही अक्षरे मोझर बेअर इंडियाचे निदर्शक आहेत. संगणकावरील साध्या उपयोजनांनी हा संकेत वाचता येतो.

या संकेताला मर्यादा आहेत. तो मुख्यतः साचा व रंगद्रव्य यांचा निर्देश करतो, त्यामुळे परवान्याखाली दुसऱ्या देशात तयार झालेल्या तबकडीतही मूळ कंपनीचाच संकेत असू शकतो. नामांकित कंपन्यांचे संकेत असलेल्या बनावट तबकड्याही बाजारात आल्या होत्या.

दर्जाची मोजणी

लेखनानंतर तबकडीवर काही त्रुटी राहतातच. वाचनयंत्र त्या गणिती पद्धतीने दुरुस्त करते. सीडीवरील त्रुटींचे प्रमाण सेकंदाला सरासरी २२० पेक्षा कमी असावे, असे मानक आहे. दुरुस्तीच्या पहिल्या टप्प्यात न सुटलेल्या त्रुटी ‘सी२’ म्हणून ओळखल्या जातात आणि नव्या तबकडीवर त्या असू नयेत. डीव्हीडीसाठी सलग आठ खंडांतील प्राथमिक त्रुटींची मर्यादा २८० आहे. दोन तबकड्यांची तुलना एकाच यंत्रावर व एकाच वाचनवेगाने केली तरच ती ग्राह्य ठरते, कारण यंत्र बदलताच आकडे बदलतात. नुकत्याच लिहिलेल्या तबकडीचे चांगले आकडे तिच्या दीर्घायुष्याची हमी देत नाहीत. त्यासाठी ठरावीक काळाने पुन्हा मोजणी करावी लागते.

हवामान आणि साठवण

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ साली प्रकाशित केलेल्या मार्गदर्शिकेत दीर्घकालीन साठवणीसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान व २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता सुचवली आहे. न लिहिलेल्या तबकडीचे आयुष्य तिने सावधपणे ५ ते १० वर्षे धरले आहे. त्यामुळे कपाटात अनेक वर्षे पडून असलेली कोरी तबकडी नवी समजता येत नाही.

विदर्भातील वाशिम जिल्ह्यासारख्या प्रदेशात वातानुकूलनाशिवाय या अटी पाळणे अवघड असते. तेथे उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि पावसाळ्यात आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांहून अधिक राहते. याच जिल्ह्यातील कारंजा येथील जैन ग्रंथभांडारांतील जुनी हस्तलिखिते मात्र या हवामानात पिढ्यानपिढ्या टिकली. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली प्रकाशित केलेल्या मध्यप्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांच्या सूचीत त्यांची नोंद आहे. दोन्ही माध्यमांतील मूलभूत फरक बिघाडाच्या स्वरूपात आहे. कागदाची कड झिजली तरी उरलेला मजकूर वाचता येतो. तबकडीच्या आतील आरंभीचा भाग निकामी झाला, तर पुढील माहिती शाबूत असूनही सामान्य यंत्र ती वाचू शकत नाही.

पुरावा म्हणून वापर

महाराष्ट्रात तबकडीवरील नोंदींचे महत्त्व जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरील खटल्यात ठळक झाले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाल्याचा आक्षेप सिद्ध करण्यासाठी निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणाच्या व्हीसीडी न्यायालयापुढे आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ साली ही निवडणूक रद्द ठरवली. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी हा निकाल कायम ठेवला. मूळ उपकरण हजर न करता त्यावरील नोंदीची प्रत सादर केल्यास भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खालील प्रमाणपत्र आवश्यक आहे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही तरतूद समाविष्ट आहे. प्रमाणपत्र प्रत कशी तयार झाली ते सांगते. तबकडी सुनावणीपर्यंत वाचनीय राहणे मात्र तिच्या दर्जावर व साठवणीवर अवलंबून असते.

जतनाचे संकेत

महत्त्वाच्या नोंदींसाठी पुढील काळजी घेतली जाते:

एकाच मजकुराच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या उत्पादकांच्या तबकड्यांवर काढून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे.

कमाल वेगाऐवजी मध्यम वेगाने लेखन करणे आणि लगेच पडताळणी करणे. लेखन चालू असताना वीज खंडित झाल्यास एकदाच लिहिता येणारी तबकडी बहुधा वाया जाते.

तबकडीवर कागदी चिठ्ठी न चिकटवणे, कारण तिचा डिंक थरांना ओढतो व तबकडीचा तोल बिघडतो.

तबकडी कडेने धरणे, पुसताना मधून बाहेरच्या दिशेने पुसणे आणि ती ऊन व दमट भिंत यांपासून दूर उभी ठेवणे.

ठरावीक काळाने त्रुटी मोजणे आणि त्या वाढू लागताच मजकूर नव्या माध्यमावर उतरवणे. उत्पादक व वाचनयंत्रे दोन्ही कमी होत असल्यामुळे जुन्या तबकड्यांच्या बाबतीत ही कृती सर्वांत निकडीची मानली जाते.