सोंडेची दिशा आणि नावांची अदलाबदल

पेणच्या गणपती कारखान्यांत डाव्या सोंडेच्या मूर्तींचीच गर्दी असते. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचे सोवळे आपल्याला झेपणारे नाही, ही समजूत घरोघरी पक्की आहे. माती तीच, रंग तेच, वळण तेवढे निराळे. आणि त्या एका वळणाने घरातला सारा आचार बदलतो. रसायनशास्त्रातल्या एका जोडीचा इतिहास वाचताना आम्हांला या मूर्तींची वारंवार आठवण झाली.

ही जोडी इस्ट्राडायॉलची. १७-बीटा आणि १७-अल्फा, दोहोंत कार्बनचे १८, हायड्रोजनचे २४ आणि ऑक्सिजनचे २ अणू. फरक एवढाच की सतराव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट एकात वर वळलेला, दुसऱ्यात खाली. बीटा हे स्त्रीदेहातले प्रमुख संप्रेरक. अल्फा मात्र पेशींतल्या ग्राहीला फार दुर्बळपणे चिकटते, म्हणून त्याला 'निष्क्रिय' ही उपाधी मिळाली.

या वर्गाचे नावही पाहण्याजोगे आहे. 'इस्ट्रोजेन'च्या मुळाशी ग्रीक 'ओइस्ट्रोस', म्हणजे गुरांना पिसाळवणारी गोमाशी. त्यावरून उन्माद, उन्मादावरून जनावरांचा माज. मराठी विश्वकोशाने 'स्त्रीमदजन' हा शब्द घडवला तेव्हा माशी गळाली, मद राहिला. शब्द रुळला नाही, पण घडवणाऱ्यांना मूळ अर्थ ठाऊक होता हे उघड आहे.

१९२९ साली अमेरिकेत डॉयझी आणि जर्मनीत बूटेनांट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे गर्भवतींच्या मूत्रातून इस्ट्रोन वेगळे केले. पुढे डॉयझींच्या चमूने डुकरिणींच्या सुमारे चार टन अंडाशयांतून काही मिलिग्रॅम इस्ट्राडायॉल मिळवले. इकडे मुंबईत र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून निघत होते. हा सारा शोधकाळ त्या मासिकाच्या हयातीतला.

आमच्या दृष्टीने खरी गोम पुढेच आहे. जोडीतल्या प्रभावी रूपाला त्या काळी 'अल्फा' म्हणत आणि दुबळ्याला 'बीटा'. रेणूची नेमकी ठेवण कळलेली नव्हती. ती कळली, गटांच्या दिशेवरून अक्षरे देण्याचा नियम स्थिरावला, तेव्हा प्रभावी रूप बीटा ठरले आणि शतकाच्या मध्याला नावांची चक्क अदलाबदल झाली. पदार्थ जागचे हलले नाहीत, पाट्या मात्र हलल्या. त्यामुळे १९३८ च्या लेखात 'अल्फा सर्वांत प्रबळ' असे वाचून आजचा विद्यार्थी लेखकाला खुळा ठरवील, वास्तविक लेखक बरोबर असतो. पाठचिकित्सा शिकलेल्यांना हा अनुभव नवा नाही. पोथीतल्या शब्दाचा अर्थ लावण्यापूर्वी पोथीचा काळ लावावा लागतो. प्रयोगशाळेतल्या लेखांनाही तीच शिस्त लागते, हे साहित्याच्या वर्गात क्वचितच सांगितले जाते.

नाव स्थिरावल्यावर अल्फाला एक नोकरी मिळाली, ती तुलनेची. बीटा देऊन परिणाम दिसला आणि अल्फा देऊन दिसला नाही, तर तो ग्राहीमार्फतच घडला असे मानायचे. म्हणजे काहीही न करणे हेच त्याचे काम! पण १९९० च्या दशकात चेतापेशींवरील प्रयोगांत अल्फाही बीटाइतकेच संरक्षण देते असे आढळले. जर्मनीत ते केसगळतीवरच्या द्रावणात विकले जाते. २०१४ साली अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांच्या संयुक्त अभ्यासात नर उंदरांचे मध्यक आयुष्य त्याने सुमारे १२ टक्क्यांनी वाढले, २०१६ साली अधिक मात्रेने १९ टक्क्यांनी. माद्यांचे मात्र वाढले नाही. 'निष्क्रिय' ही उपाधी एका ग्राहीपुरती होती. ती पदार्थाचा स्वभावच असल्यासारखी वाचली गेली.

रोह्याजवळच्या धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, म्हणून असले पदार्थ तिकडचेच असावेत असे वाटेल. पण गाईगुरांच्या मलमूत्रातून बाहेर पडणाऱ्या इस्ट्राडायॉलमध्ये अल्फाचाच वाटा मोठा असतो. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्यात शेण असते; शेणखतही शेतात जाते. मातीतले जिवाणू अल्फाचे इस्ट्रोन करतात, आणि इस्ट्रोन निष्क्रिय नाही.